कुकरा, कुकुर आणि एका अक्षराचं अंतर

छत्तीसगढी बोलीत कोंबडा म्हणजे 'कुकरा', कोंबडी म्हणजे 'कुकरी' आणि कुत्रा म्हणजे 'कुकुर'. रायपूरच्या तात्यापाऱ्यातल्या मराठी घरांत वाढणाऱ्या मुलांची सुरुवातीला या शब्दांत हमखास गल्लत होते. त्यात नवल नाही. संस्कृतातही कुक्कुट आणि कुक्कुर असेच एकमेकांना खेटून उभे आहेत. पण हे दोघे शब्दकोशाबाहेरही शेजारीच राहतात. शहरातल्या कुठल्याही चिकनच्या दुकानामागे संध्याकाळी जाऊन पाहावं. पुढच्या बाजूला जाळीचे पिंजरे, लाकडी ओंडका, सुरा, वजनकाटा. मागच्या बाजूला पिसं, आतडी, मुंडकी आणि पाय यांनी भरलेलं पिंप, आणि त्याभोवती ताटकळत बसलेली चार-सहा कुत्री. वाहतुकीत मेलेली कोंबडीही पुष्कळदा त्याच ढिगात जाते. कुत्र्यांचं ते रोजचं जेवण. आपण ते पाहतो, नाकाला रुमाल लावतो आणि पुढे जातो.

त्या ढिगापाशी थांबायला हवं, एवढंच मला या लेखात सांगायचं आहे. बर्ड फ्लूची साथ आली की आपण पक्षी मोजतो आणि माणसांना जपतो. पण तोच पक्षी खाऊन रात्री माणसाच्या उंबऱ्यावर झोपायला येणारा प्राणी आपल्या हिशेबात कुठेच नसतो. ही चूक महाग पडू शकते. आणि ती सुधारणं आपल्या आवाक्यातलं आहे, म्हणून तर ती अधिक टोचते.

२०२४-२५ चा हिवाळा आठवून पाहा. डिसेंबरात नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या दगावले. नमुने भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेकडे गेले आणि नव्या वर्षाच्या आरंभी उत्तर आलं: एच५एन१, म्हणजे बर्ड फ्लू. संशय कोंबडीच्या मांसावर गेला. त्याच जानेवारीत छिंदवाड्यात पाळीव मांजरी मेल्या आणि त्यांच्यातही हाच विषाणू सापडला. सौंसर-पांढुर्ण्याच्या मराठी मुलखाला लागून असलेलं हे शहर नागपूरपासून काही तासांवर आहे. लातूर जिल्ह्यात उदगीरला कावळे पडले. उरण तालुक्यातल्या चिरनेरला कोंबड्या मेल्या. हे चिरनेर महाराष्ट्रातल्या रायगड जिल्ह्यातलं. आणि महिना संपता संपता छत्तीसगडच्या रायगढमधल्या सरकारी कुक्कुटपालन केंद्रात एच५एन१ निघाला, हजारो पक्षी मारून पुरावे लागले.

नागपूर, रायपूर आणि रायगढ ही तिन्ही शहरं मुंबई-हावडा रेल्वेमार्गावर आहेत. रायपूर मधोमध. या शहरातून कोंबड्यांचे ट्रक रात्रंदिवस जातात-येतात. जवळच्या बेमेतरा जिल्ह्यात गिधवा-परसदाच्या तळ्यांवर दर हिवाळ्यात हजारो मैलांवरून पाणपक्षी येतात. दक्षिणेला बस्तरात कोंबड्यांच्या झुंजींचे बाजार भरतात. घरोघरचे झुंजार कोंबडे काखेत मारून लोक गावोगाव फिरतात. रानपक्षी, परसातली कोंबडी, फार्मवरची कोंबडी आणि बाजार, हे सगळे दुवे इथे एकमेकांत गुंतलेले आहेत. या साखळीच्या टोकाला, उष्टं-खरकटं सांभाळत, कुत्रा बसलेला आहे.

आता विषाणूची गोष्ट. इन्फ्लुएंझाचे अनेक प्रकार मुळात पाणबदकांच्या आतड्यांत सुखाने नांदतात. बदकाला बहुधा काही होत नाही. विषाणूला पेशीत शिरायचं तर पेशीच्या पृष्ठभागावरच्या एका विशिष्ट शर्करेला धरावं लागतं. ही शर्करा खालच्या साखळीला दोन तऱ्हांनी जोडलेली असते. पक्ष्यांच्या पेशींवर प्रामुख्याने एक जोडणी, माणसाच्या नाका-घशात प्रामुख्याने दुसरी. कडी एकच, कोयंडा वेगळा. म्हणूनच पक्ष्याचा विषाणू माणसाला सहजासहजी लागत नाही. पण कुत्र्याच्या श्वासमार्गात पक्ष्यांसारखी जोडणी भरपूर सापडते. दार तिथे आधीच किलकिलं आहे.

दुसरी अडचण आत शिरल्यावरची. विषाणूला आपल्या प्रती काढायच्या तर त्याचं नक्कल करणारं यंत्र त्या प्राण्याच्या पेशीत चालायला हवं. एच५एन१ सस्तन प्राण्यांत गेला की या यंत्राच्या एका प्रथिनात, ६२७ व्या जागी, एका अमिनो आम्लाऐवजी दुसरं बसलेलं पुष्कळदा आढळतं. एवढ्या बदलाने तो सस्तन प्राण्याच्या पेशीत जोमाने वाढू लागतो. कुकरा आणि कुकुर यांत जेवढं अंतर, साधारण तेवढंच, एका अक्षराचं. त्यात या विषाणूचा जनुकसंच आठ तुकड्यांत विभागलेला असतो. एकाच पेशीत दोन वेगळे फ्लू शिरले, तर पत्त्यांचे दोन कॅट एकत्र पिसावेत तसे हे तुकडे मिसळतात आणि तिसराच डाव हाती येतो. कुत्रा हा असा प्राणी आहे की त्याला पक्ष्याचाही फ्लू होऊ शकतो आणि घरातल्या माणसाचाही.

कुत्र्यांत फ्लू होतो हे वैद्यकाला कळून फार वर्षं झालेली नाहीत. पक्ष्यांतून आलेला एच३एन८ नावाचा फ्लू १९६३ साली मायामीच्या घोड्यांत प्रथम ओळखला गेला आणि जगभरच्या तबेल्यांत पसरला. २००४ च्या जानेवारीत फ्लोरिडातल्या शर्यतीच्या ग्रेहाउंड कुत्र्यांत अचानक खोकला आणि मृत्यू सुरू झाले. तपासात निघालं, की घोड्यांचाच विषाणू जसाच्या तसा कुत्र्यांत आला आहे. पक्ष्यातून घोड्यात आणि घोड्यातून कुत्र्यात, अशी ती दोन टप्प्यांची वाट होती.

दुसरी वाट थेट. २००७ साली दक्षिण कोरियातल्या पशुवैद्यांकडे आजारी कुत्री येऊ लागली. त्यांच्यात एच३एन२ सापडला आणि त्याचे आठही तुकडे पक्ष्यांचे होते. तिथल्या संशोधकांनी शंका मांडली ती आपल्या ढिगाशी थेट जोडलेली आहे: बदकांचं आणि कोंबड्यांचं न शिजवलेलं मांस बारीक करून कुत्र्यांना खाऊ घातलं जात होतं, त्यातून हे घडलं असावं. हा विषाणू चीनच्या कुत्र्यांतही फिरत होता. २०१५ साली तो शिकागोत पोचला आणि थोड्या आठवड्यांत हजारावर कुत्री आजारी पडली. म्हणजे पक्ष्यांचा एक फ्लू कुत्र्यांत नुसता पाहुणा आला नाही, तो त्यांच्यात कायमचा राहिला.

राहून त्याने काय केलं? २०२३ साली चिनी संशोधकांनी या प्रश्नाचं उत्तर प्रसिद्ध केलं. २०१२ ते २०१९ या काळात कुत्र्यांच्या चार हजारांहून अधिक नमुन्यांचा त्यांनी अभ्यास केला होता. वर्षागणिक हा विषाणू माणसाच्या बाजूला सरकत होता. माणसाच्या पेशींवरच्या जोडणीला तो पकडू लागला होता, माणसाच्या श्वासमार्गाच्या पेशींत अधिक वाढू लागला होता. माणसांना अशा फ्लूंची लागण कशी होईल याचा अंदाज घ्यायला प्रयोगशाळेत फेरेट हा प्राणी वापरतात. त्यांच्यात तो हवेतून पसरू लागला होता. कुत्र्यांचा हा फ्लू माणसाला झाल्याची नोंद नाही, हे लगेच सांगायला हवं. पण पक्ष्यातून थेट माणसात उडी न घेता, मधल्या एका घरात राहून विषाणू आपली भाषा कशी शिकतो, त्याचा हा सविस्तर लेखी पुरावा आहे. ते मधलं घर आपल्या अंगणात आहे.

यावर एक रास्त आक्षेप येईल. एच३एन२ वेगळा आणि एच५एन१ वेगळा. एच५एन१ ने मांजरवर्गाचा जीव घेतला. २००४ साली थायलंडच्या श्रीराचातल्या व्याघ्रसंग्रहालयात कोंबड्यांचं कच्चं मांस खाऊन ४४१ पैकी १४७ वाघ दगावले किंवा त्यांना मारावं लागलं. कुत्र्यांची उदाहरणं मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. त्याच वर्षी थायलंडच्या सुफानबुरी प्रांतात मेलेलं बदक खाल्लेला एक कुत्रा ताप येऊन आणि धाप लागून मेला. २०२३ साली कॅनडातल्या ओशावा इथे रानहंस चघळलेला एक पाळीव कुत्रा दगावला. जर्मनीत प्रयोगशाळेत बीगल कुत्र्यांना मुद्दाम लागण करून पाहिली तर किरकोळ ताप आणि डोळे येण्यापलीकडे फारसं काही झालं नाही आणि शेजारच्या प्राण्यांना ती लागली नाही. मग एवढा बाऊ कशासाठी?

त्याच प्रयोगात या कुत्र्यांच्या नाकातून विषाणू बाहेर पडत होता. दिसायला धडधाकट, आणि श्वासात विषाणू. थायलंडमध्ये साथीनंतर गावातल्या कुत्र्यांचं रक्त तपासलं तेव्हा ६२९ पैकी १६० कुत्र्यांत एच५एन१ विरुद्धची प्रतिपिंडं निघाली. चारातला एक. त्या कुत्र्यांना विषाणू भेटून गेला होता आणि कुणाला पत्ताही लागला नव्हता. तेव्हा उदाहरणं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत, हे खरंच. पण मोजायला गेलं कोण, हेही विचारायला हवं. वाघ मेला की पंचनामा होतो. घरची मांजर मेली की एखादा मालक पशुवैद्याकडे धावतो. रस्त्यावरचं कुत्रं मेलं की महापालिकेची गाडी येते आणि उचलून नेते. मरण नोंदलंच जात नसेल तर कारण कुठून नोंदणार?

आपली व्यवस्था कुठे थांबते ते पाहू. बाधित ठिकाणाभोवती एक किलोमीटरचं वर्तुळ आखलं जातं, त्यात पक्षी मारतात. दहा किलोमीटरच्या वर्तुळात देखरेख होते. वर्तुळ आखण्याची पद्धत आपण २००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला शिकलो, जिथे देशातली पहिली बर्ड फ्लूची साथ निघाली. नवापूरच्या कुक्कुटपालकांनी सोसलं ते विसरू नये. कष्टाने उभे केलेले कोंबड्यांचे खुराडे त्यांनी डोळ्यांदेखत रिकामे होताना पाहिले. पण वर्तुळ पक्ष्यांसाठी आखलं जातं आणि कुत्र्याला वर्तुळ कळत नाही. शिवाय भरपाई मिळते ती मारलेल्या कोंबड्यांची, नष्ट केलेल्या अंड्यांची आणि खाद्याची. रोगाने आधीच मेलेल्या कोंबडीला मोल नसतं. मग पहिल्या दिवशी पाच-पन्नास कोंबड्या मेल्या तर कर्जात बुडालेला माणूस खबर द्यायला धावेल, की त्या ओढ्यात टाकून उरलेल्या विकायला काढेल? त्या माणसाला दोष देऊन काम भागणार नाही. ओढ्यात टाकलेली कोंबडी रात्रीत कोण खातं, हा प्रश्न मात्र त्याच्याही आणि आपल्याही गळ्याशी येतो.

आपल्या भाषेला हे नातं कधीच उमगलं होतं. १९१८ च्या फ्लूला मराठीत लोकांनी 'मानमोडी' म्हटलं. तेव्हा रायपूर नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रांत-वऱ्हाडात होतं आणि देशात सर्वाधिक बळी पडलेल्या प्रांतांत हा प्रांत होता. त्या विषाणूची मुळं पक्ष्यांच्या फ्लूत होती, हे विज्ञानाला पुढे कितीतरी वर्षांनी कळलं. आणि खेड्यापाड्यांत कोंबड्या माना टाकून मरतात त्या राणीखेत रोगालाही लोक 'मानमोडी'च म्हणतात. राणीखेतचा विषाणू वेगळा आहे, फ्लूशी त्याचा संबंध नाही. पण माणसाचं आणि कोंबडीचं मरण एकाच शब्दात ठेवणाऱ्या लोकांना हे ठाऊक होतं, की खुराडं आणि ओसरी यांच्यात भिंत फार पातळ असते. आजच्या सरकारी कारभारात मात्र ती भिंत जाड आहे. कोंबडी पशुसंवर्धन खात्याची, माणूस आरोग्य खात्याचा, वाघ वनखात्याचा. भटका कुत्रा महापालिकेचा, तोही चावला तर.

कुत्र्यांविषयीचा आपला सगळा वाद या एका 'चावला तर'भोवती फिरतो. २०२५ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांनंतर देशभर जो कल्लोळ उठला त्यात दोन तट पडले: उचलून न्या म्हणणारे आणि हात लावू नका म्हणणारे. ज्याचं लेकरू चाव्याने गेलं त्याचं दुःख खरं आहे आणि मुक्या जिवाची कणवही खरी आहे. पण २०१९ च्या पशुगणनेत दीड कोटीहून अधिक निघालेली ही भटकी कुत्री जगतात कशावर, हा प्रश्न दोन्ही तटांनी मागे टाकला. ती आपल्या कचऱ्यावर जगतात. ढीग तसाच ठेवून कुत्री हलवली तर आठवड्यात दुसरी येतात. चाव्याचा प्रश्न आणि विषाणूचा प्रश्न इथे एका जागी येऊन मिळतात: दोघांची गाठ त्या पिंपापाशी आहे.

म्हणून पहिलं काम पिंपाचं. कोंबडीचा टाकाऊ भाग हा ओल्या कचऱ्यात ढकलायचा माल नाही. केरळने जिल्ह्याजिल्ह्यांत अशा टाकाऊ भागांवर उष्णतेची प्रक्रिया करून त्याची पूड आणि चरबी वेगळी काढणारे प्रकल्प उभे केले. जे केरळला जमलं ते रायपूर, दुर्ग आणि राजनांदगाव या कोंबडीच्या व्यवसायावर पोसलेल्या पट्ट्याला का जमू नये? तोवर प्रत्येक दुकानाला झाकणाचं पिंप आणि रोज ते उचलणारी गाडी, एवढी सक्ती महापालिका आज करू शकते. दुकानदारालाही त्याचा फायदा आहे. साथीची आवई उठली की आधी त्याचं दुकान बंद पडतं, हे छिंदवाड्याने पाहिलं आहे.

दुसरं काम पाहण्याचं. नसबंदीसाठी आणि रेबीजच्या लसीसाठी महापालिका कुत्री पकडतेच. भूल दिलेला कुत्रा टेबलावर असतो. त्याच वेळी नाकातून एक बोळा फिरवायला आणि दोन मिलिलिटर रक्त काढायला किती वेळ लागतो? प्रत्येक कुत्र्याचं नको. मांसबाजार, कुक्कुटपालन केंद्रं आणि तळ्यांचे काठ यांच्या आसपासच्या काही कुत्र्यांचं, दर हिवाळ्यात, तेही पुरे. दुर्गजवळ अंजोऱ्याला राज्याचं पशुवैद्यकीय विद्यापीठ आहे, रायपुरात एम्स आहे, भोपाळची प्रयोगशाळा आहे, पुण्यात राष्ट्रीय विषाणू संस्था आहे. माणूस, पशू आणि पर्यावरण यांचा एकत्र विचार करणाऱ्या राष्ट्रीय संस्थेची पायाभरणी २०२२ च्या डिसेंबरात नागपूरला झाली; बरोबर दोन वर्षांनी त्याच शहरात वाघ गेले. संस्थांची वाण नाही. एका खात्याच्या टेबलावरचा नमुना दुसऱ्या खात्याच्या प्रयोगशाळेत जाण्याची वाट तेवढी नाही.

तिसरं काम आपलं, घरातलं. पाळलेल्या कुत्र्याला दुकानातून फुकट मिळालेले कोंबडीचे पाय आणि मुंडकी कच्ची घालू नयेत. नीट शिजवलेल्या मांसात हा विषाणू टिकत नाही. तळ्याकाठी फिरवताना मेलेल्या पक्ष्याला तोंड लावू देऊ नये. कावळे किंवा कोंबड्या एकाएकी मेलेल्या दिसल्या तर हात न लावता पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवावं.

एक भीती मला लिहिताना सतत आहे. हे वाचून कुणी दगड उचलेल. २०२० च्या टाळेबंदीत नुसत्या अफवांपायी लोकांनी पाळलेली कुत्री रस्त्यावर सोडली होती. तसं पुन्हा होऊ नये. एच५एन१ पसरवणारा म्हणून कुत्र्याकडे बोट दाखवायला आज कसलाही आधार नाही. ओल्या जमिनीवर बसून आपण टाकलेलं खाणारा तो प्राणी या गोष्टीत सर्वांत आधी बाधा होऊ शकणारा आहे, आणि म्हणूनच सर्वांत आधी सावध करू शकणारा. खाणीत उतरणारे कामगार पूर्वी सोबत पिंजऱ्यातला पक्षी नेत, विषारी वायूची वर्दी त्याच्याकडून मिळावी म्हणून. आपल्याला कुणाला पिंजऱ्यात घालायचंही कारण नाही. वर्दी देणारा दाराशीच बसलेला आहे, त्याला विचारायचं तेवढं राहिलं आहे.

कार्तिक लागला की गिधवा-परसदाच्या तळ्यांवर पाहुणे पक्षी पुन्हा उतरतील. ते यावेतच, त्यांच्या येण्याने ही तळी जिवंत आहेत. त्याआधी रायपुरातल्या मांसबाजारातल्या पिंपांवर झाकणं बसलेली असावीत आणि शे-दोनशे कुत्र्यांचे नमुने भोपाळच्या वाटेला लागलेले असावेत. एका शहराला एका पावसाळ्यात एवढं करता येतं.